ओळख वेगळी, परवानगी वेगळी

मालवणच्या धक्क्यावर सध्या एक वाद रोज ऐकू येतो आणि दोन्ही बाजूंनी तो चुकीचा लढला जातोय, असं माझं ठाम मत झालंय. बोटींवरच्या जीपीएस आणि मासे व पाण्याची खोली दाखवणाऱ्या फिश फाइंडरची नवी मॉडेल्स आता जोडलेला प्रत्येक भाग अस्सल आहे का, हे सॉफ्टवेअरने तपासतात आणि संशय आला तर बंद पडतात. एक बाजू म्हणते, हा सगळा कंपन्यांचा आपलाच महागडा माल गळ्यात मारायचा डाव आहे. दुसरी बाजू म्हणते, खोटा माल घ्यायचाच कशाला, घेतलात तर भोगा. मी गेली बरीच वर्षं या यंत्रांची दुरुस्ती करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक माझ्याच टेबलासमोर येऊन भांडतात. माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. सॉफ्टवेअरने खऱ्याखोट्याची पारख झालीच पाहिजे, कारण बनावट मालाविरुद्ध आज त्याहून चांगलं हत्यार आपल्याकडे नाही. पण ओळख पटवणं हे एक काम आहे आणि वापरायची परवानगी देणं हे दुसरं. कंपन्यांनी ही दोन कामं एकत्र शिवून टाकली आहेत आणि आपण वाद घालताना ती शिवण उसवायचंच विसरतोय.

ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसलो तो असा. ओळखीच्या एका तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, बोटीवरच्या यंत्रात विक्रेत्याने मेमरी कार्डातून नवं सॉफ्टवेअर टाकलं. तीन दिवसांनी, रात्री, जाळी पाण्यात असताना पडद्यावर ‘अनधिकृत सेन्सर’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली आणि यंत्र थांबलं. नुसती खोली दाखवायचं थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण त्याच डब्यातला नकाशा गेला, आणि बंदराकडे परतायची साठवलेली वाटही गेली. होकायंत्र आणि किनाऱ्याजवळ आल्यावर मोबाइल, यांच्या भरवशावर ते सकाळी परत आले. वारा पडलेला होता म्हणून निभावलं. दुकानात येऊन त्याने डबा टेबलावर ठेवला आणि विचारलं, “मशीन खोटां, मगे दोन वर्सां वाट खरी कशी दाखवल्यान?” या प्रश्नाचं उत्तर देता देता मला हा सगळा विषय नव्याने समजला.

डबा अस्सलच होता. खोटा होता तो बोटीच्या तळाला लावलेला, पाण्याची खोली मोजणारा सेन्सर, जो त्याला अस्सल म्हणून, पक्क्या पावतीवर, जवळपास अस्सल किमतीला विकला गेला होता. सेन्सरच्या वायरचा जोड मी उघडला. आत नखाएवढ्या पट्टीवर आठ पायांची चिप, तिच्या पाठीवर छापलेली अक्षरं. कापसाच्या बोळ्याला अॅसिटोन लावून हलकेच पुसलं, तर अक्षरं काळ्या रंगासकट बोळ्यावर आली आणि खाली घासून काढलेला खरबरीत पृष्ठभाग दिसला. कुठल्यातरी जुन्या चिपची मूळ ओळख पॉलिश पेपरने मिटवून तिच्यावर नवं नाव छापलेलं होतं. अशा खोट्या चिपने दोन वर्षं अस्सल यंत्राला फसवलं, कारण जुनं सॉफ्टवेअर फक्त एक क्रमांक विचारत होतं. सेन्सर आपला क्रमांक सांगायचा, यंत्र मान डोलवायचं. क्रमांक म्हणजे उघड बोललेला शब्द; एकदा ऐकला की कोणीही म्हणू शकतो. नव्या सॉफ्टवेअरने प्रश्नच बदलला. यंत्र आता दर वेळी एक नवी, आधी कधीच न वापरलेली संख्या सेन्सरकडे पाठवतं. अस्सल सेन्सरमधली चिप आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीने त्या संख्येचं गणित करून उत्तर परत करते. किल्ली कधीच बाहेर येत नाही, बाहेर येतं ते फक्त उत्तर, आणि कालचं उत्तर आजच्या प्रश्नाला चालत नाही. चोरून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. खोट्या चिपकडे किल्लीच नव्हती, त्यामुळे ती गप्प राहिली.

यातही बरंवाईट आहे. हजारो यंत्रांत एकच किल्ली भरली, तर एक चिप फोडणाऱ्याला सगळ्यांची किल्ली मिळते. म्हणून चांगल्या रचनेत प्रत्येक चिपला स्वतंत्र किल्लीजोडी असते. खाजगी किल्ली चिपच्या आत राहते, जाहीर किल्ली सगळ्यांना दिसते, आणि त्या जाहीर किल्लीवर उत्पादकाची डिजिटल सही असते. ही सही शिवकालीन पत्रांसारखी समजावी. पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असायची, पण तेवढ्याने भागत नसे. मजकूर संपला तिथे ‘मर्यादेयं विराजते’ची मोर्तब उमटायची, म्हणजे त्याखाली कोणाला एक ओळही वाढवता येत नसे. पत्र कोणाचं आहे आणि त्यात नंतर कोणी हात घातलाय का, हे दोन्ही प्रश्न एका कागदावर सुटायचे. डिजिटल सहीही नेमकी हीच दोन कामं करते. आणि मोर्तब ओळखण्यासाठी वाचणाऱ्याच्या हातात मुद्रा असावी लागत नव्हती, तिचा ठसा माहीत असला की पुरे होतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता समोरच्यांचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडतो, कारण ते खरंच जोरदार आहे. बनावट यंत्र म्हणजे स्वस्तातली सोय नव्हे. अमेरिकेच्या सिनेटच्या संरक्षण समितीने 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लष्करी सामग्रीत शिरलेल्या संशयित बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे 1800 प्रकरणं नोंदवली आणि अशा भागांची एकूण संख्या दहा लाखांच्या वर गेली. यातले बरेच भाग कचऱ्यात गेलेल्या यंत्रांतून उपटून, घासून, पुन्हा छापलेले होते, माझ्या टेबलावरच्या त्या चिपसारखेच. जिथे एवढा पैसा आणि एवढी तपासणी आहे तिथे ही गत, तर आपल्या बाजारपेठेतल्या दुकानाची काय कथा? समुद्रावर खोली दोन वाव (वाव म्हणजे खोली मोजायचं माप) चुकीची दिसली तर बोट खडकावर जाते. बॅटरी खोटी असली तर पेटते. शिवाय कोकण किनाऱ्याला ओळखीचा प्रश्न नुसता धंद्याचा राहिलेला नाही. 1993 साली मुंबईतल्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली ती रायगडमधल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर. 2008 साली मुंबईवर हल्ला करणारे आले ते ‘कुबेर’ या पोरबंदरच्या मच्छीमार बोटीतून. त्यानंतर मच्छीमाराच्या खिशात ओळखपत्र आलं, बोटींचे रंग ठरले, नोंदणी कडक झाली. कोणती बोट कुठे आहे हे सांगणारं यंत्रच खोटं असेल तर हा सगळा डोलारा कशावर उभा राहणार? बोटींची ओळख प्रसारित करणाऱ्या एआयएस पद्धतीत तर पारखच नाही. नऊ आकडी क्रमांक यंत्रात कोणी काहीही भरू शकतो आणि बाकीची जहाजं त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून जे लोक म्हणतात की पारख हे निव्वळ थोतांड आहे, त्यांच्याशी माझं अजिबात जमत नाही.

पण ‘कुबेर’चीच गोष्ट नीट बघा. ती बोट शंभर टक्के अस्सल होती. नोंदणी खरी, क्रमांक खरा. खोटी होती ती तिच्यावरची माणसं. त्या रात्री कोणी बोटीची कितीही कडक पारख केली असती, तरी बोट उत्तीर्णच झाली असती. यंत्र अस्सल आहे एवढंच पारख सांगते. यंत्र सुस्थितीत आहे का, योग्य हातात आहे का, योग्य कामाला लागलंय का, यातलं काहीच ती सांगत नाही. वीस वर्षं मिठाच्या पाण्यात कुजलेला अस्सल सेन्सरही गुप्त किल्लीने बरोबर उत्तर देईल आणि खोली मात्र चुकीची दाखवेल. मग ‘सुरक्षिततेसाठी यंत्र बंद करतो’ या दाव्यात किती तथ्य उरतं? खरोखर सुरक्षिततेची चाड असती, तर सॉफ्टवेअरने सेन्सरचं कूळ विचारण्याआधी त्याचं मोजमाप तपासलं असतं.

आणि हा डाव या समुद्राने पूर्वी पाहिलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इथल्या जहाजांना कार्ताझ घ्यायला लावलं. त्या परवान्यात जहाजाचं नाव, कप्तान, माल, हत्यारं सगळं नमूद असायचं, म्हणजे ओळखपत्रच. चाच्यांपासून संरक्षण असं त्याचं समर्थन होतं. पण अट अशी की जहाजाने पोर्तुगीजांच्या बंदरात यायचं, तिथे जकात भरायची, ठरावीक माल न्यायचा नाही. कार्ताझ नसलेलं जहाज जप्त. मुघलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. ओळखीच्या कागदातच परवानगी, जकात आणि मक्तेदारी गुंडाळलेली होती. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपली दस्तकं, म्हणजे परवाने, चालू केली, तेव्हा इंग्रजांनी ती मानायला नकार दिला आणि त्यांना चाचा ठरवलं. दोघांच्या हातात कागदच होता. भांडण होतं ते कागद देण्याचा अधिकार कोणाचा, याचं. आज सेन्सरच्या किल्लीवर सही करण्याचा अधिकार कंपनीकडे आहे, तपासणारं सॉफ्टवेअर कंपनीचं, निकाल कंपनीचा, आणि निकालाची शिक्षा बोटमालकाला. याला पारख म्हणायचं की कार्ताझ?

असं झालेलं आहे, ही नुसती भीती नाही. संगणकाला यंत्रं जोडणाऱ्या यूएसबी केबलमध्ये एफटीडीआय कंपनीची एक चिप फार वापरली जाते आणि तिच्या नकलाही तितक्याच आहेत. ऑक्टोबर 2014 मध्ये विंडोजच्या नेहमीच्या अपडेटमधून आलेल्या तिच्या ड्रायव्हरने, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, नकली चिपमधला ओळख क्रमांक खोडून तिथे शून्य लिहिलं. केबल एका रात्रीत मेली. नकला बनवणाऱ्याचं काय गेलं? काहीच नाही; त्याचे पैसे कधीच वसूल झाले होते. मेली ती विद्यार्थ्याची, कारखान्याची, माझ्यासारख्या कारागिराची केबल, आणि आपण खोटा माल घेतलाय हे आम्हाला तेव्हाच कळलं. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. 2016 मध्ये पुढची आवृत्ती आली ती चिप मारत नव्हती, पण खऱ्या माहितीच्या जागी ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ ही ओळ घुसडत होती. जिथे वाव मोजून यायचे तिथे ही ओळ आली तर तांडेल काय करील? त्याच वर्षी जुन्या आयफोनचं बटण बाहेर बदलून घेणाऱ्यांचे फोन अपडेटनंतर ‘एरर 53’ दाखवून कायमचे बंद पडत असल्याचं उघड झालं. बोटाच्या ठशाचा भाग बदलला, म्हणून ठशाची सोय बंद करणं एक वेळ समजू शकतं. सबंध फोन बंद करण्याला कारण काय? अॅपलने नंतर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर दिलं आणि 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने ग्राहकांना त्यांच्या हक्कांबद्दल दिशाभूल करणारं सांगितल्याबद्दल 90 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

यावर मला मिळणारं सगळ्यात चांगलं उत्तर असं: नुसती सूचना दिली तर कोण ऐकतो? लाल अक्षरं आली, बटण दाबलं, पुढे चालू. हे खरं आहे, मी रोज बघतो. पण सूचना दुर्लक्षित होते कारण ती चुकीच्या वेळी येते. पैसे देऊन झाल्यावर, बोट पाण्यात गेल्यावर, जाळी टाकल्यावर खोटेपणा कळून बिचाऱ्या तांडेलाने करायचं काय? तीच सूचना दुकानात, नोट मोजायच्या आधी मिळाली, तर दुर्लक्ष करणारा माणूस मला दाखवा. सोन्याचं बघा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. सराफाच्या दुकानात उभं राहून भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये तो टाकला की दागिना कोणी, कुठे तपासला ते गिऱ्हाइकाला दिसतं. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर स्वतंत्र कोडचा स्टिकर लावायला सुरुवात केली, तीही याच विचाराने, की कर्नाटकातला आंबा देवगड म्हणून विकला जातोय का हे घेणाऱ्याला जागेवर ताडता यावं. पारख खाणाऱ्याच्या हातात आहे, आणि खोटा निघाला तरी आंबा तोंडात असताना कोणी हिसकावून घेत नाही. मग चाळीस-पन्नास हजारांच्या सेन्सरला गुप्त किल्लीची चिप असूनही ती पारख मी दुकानात उभा राहून माझ्या फोनवर का करू शकत नाही? वर मोर्तबीचं सांगितलं ते यासाठीच. जाहीर किल्लीने तपासायला गुपित लागत नाही. तपासायचं साधं अॅप देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. इच्छा नाही, एवढंच.

इच्छा नाही म्हटलं की गुप्ततेचं कारण पुढे येतं: तपासायची पद्धत उघड केली तर नकला करणारे शिकतील. या क्षेत्रात हे म्हणणं 1883 सालीच निकालात निघालंय. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी तेव्हा लष्करी संदेशांबद्दल लिहिताना मांडलं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित असावं ते फक्त किल्लीचं. जगभर बसपासांत आणि दारांच्या कार्डांत वापरलेल्या मायफेअर क्लासिक चिपने उलटा रस्ता धरला होता, पद्धतच लपवली होती. 2007-08 मध्ये संशोधकांनी ती चिप उघडून पद्धत शोधून काढली आणि तिचं संरक्षण ढासळलं. लपवाछपवीने नकला करणारा थोडा उशिरा पोहोचतो, गिऱ्हाईक मात्र कायम अंधारात राहतं.

मग खोटं यंत्र ज्याच्या गळ्यात आधीच पडलंय, त्याचं काय? आपल्याच देशात याचं एक बरं उदाहरण आहे आणि त्यातच एक इशाराही आहे. 2009 मध्ये आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक, नसलेले लाखो स्वस्त फोन लोकांकडे होते. 30 नोव्हेंबरपासून त्यांची सेवा बंद करायचं ठरलं, पण त्याआधी केंद्रांवर जाऊन सॉफ्टवेअरने खरा क्रमांक बसवून घ्यायची सोय दिली गेली. ज्याने विश्वासाने घेतलं त्याला सरळ मार्गावर यायची वाट ठेवली, हे मला त्यातलं मोलाचं वाटतं. इशारा असा की सॉफ्टवेअरने बसवता येणारा क्रमांक सॉफ्टवेअरने बदलताही येतो. 2020 मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर 13 हजारांहून जास्त फोन चालू असल्याचं आढळलं. म्हणून मी क्रमांकावर नाही, किल्लीवर भर देतो. आणि वाट ठेवायची म्हणजे पारख ढिली करायची, असं मी म्हणत नाही.

मासळी बाजारातला काटा बघा, म्हणजे माझ्या मनातली रचना कळेल. त्या काट्यावर विश्वास आहे तो बनवणाऱ्या कंपनीमुळे नाही. वजनमापे खात्याचा माणूस ठरावीक मुदतीने तो तपासतो आणि शिक्का मारतो. काटा बिघडला तर परवानाधारक कारागीर सील तोडून दुरुस्त करतो आणि खात्याकडून पुन्हा शिक्का घेतला जातो. बनवणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा, पारखणारा वेगळा. कारागिराला परवाना आहे, त्यामुळे लबाडी केली तर तो जाऊही शकतो. कंपनी बुडाली तरी काटा चालतो. आता बोटीवरच्या यंत्राचं बघा. सेन्सर बदलला की डब्याशी त्याची जोडी लावायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते अधिकृत केंद्राकडेच असतं, आणि मालवणहून त्या केंद्रापर्यंत जाऊन यायला माणसाचा आख्खा दिवस आणि हंगामातल्या दोन फेऱ्या जातात. माझ्या हातात अस्सल, सीलबंद, पावतीचा सेन्सर असला तरी मी तो जोडून देऊ शकत नाही. इथे खोट्या मालाचा संबंधच कुठे आला? आणि दुरुस्ती इतकी अडली, की माणूस वैतागून पारखच बंद पाडणारं चोरटं सॉफ्टवेअर शोधतो. तेही धक्क्यावर मिळतं. कुलूप फार कडक केल्याने खोटा बाजार वाढलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

आणखी एक गोष्ट शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. पारखेसाठी यंत्राने प्रत्येक वेळी इंटरनेटवरून कंपनीला विचारायचं, असं काही नव्या यंत्रांत आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कितीतरी गावांत बरेच दिवस ना वीज होती ना रेंज. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की एरवीही रेंज नसते. प्रश्नोत्तराची पारख डबा आणि सेन्सर या दोघांतच, नेटशिवाय, डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊ शकते. तिला नेटला बांधणं ही गरज नाही, निवड आहे.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण वेळ जवळ आलीये. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेश घेणारी-पाठवणारी यंत्रं, बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. इस्रोचं तंत्रज्ञान आहे, वादळाची सूचना समुद्रात पोहोचते, संकटात संदेश पाठवता येतो. मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. एक लाख यंत्रं म्हटली की सुटे भाग आले, दुरुस्ती आली, आणि नकलाही येणारच. तिथे संशयित यंत्राची माहिती वेगळी काढून ठेवण्याचा, तिच्यावर खूण करण्याचा हे नेटवर्क चालवणाऱ्याला पूर्ण अधिकार आहे. पण अपघाताचा संदेश खोट्या यंत्रातून आला म्हणून टाकून द्यायचा का? बुडणाऱ्या माणसाची पावती मागायची का? हे नियम बोटी पाण्यात गेल्यावर ठरवता येत नाहीत. ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा चार क्षेत्रं निवडली गेली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं, वाहनं. बोट त्यात कुठेच नाही. ट्रॅक्टरवाल्याला जे मिळायचं ते पागवाल्याला आणि ट्रॉलरवाल्याला का मिळू नये?

आपल्याकडे तर पारखेसाठी आयती वेळ आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडलेली असतात, रंग चालू असतो. त्याच दोन महिन्यांत धक्क्यावर टेबल मांडून प्रत्येक बोटीच्या यंत्रांची पारख करता येईल. खोटा भाग निघाला तर त्याची नोंद, विक्रेत्याचं नाव आणि पावतीची प्रत, आणि कारवाई पावती लिहिणाऱ्यावर. ज्याच्या बोटीत तो निघाला त्याला हंगाम सुरू व्हायच्या आत बदलून घ्यायला मुदत. त्या तांडेलाने आपली पावती जपून ठेवली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बोटीच्या कागदांबरोबर. ती घेऊन आम्ही दोघं विक्रेत्याकडे गेलो. त्याने वरच्या साठेवाल्याचं नाव सांगितलं आणि हात झटकले. नवा सेन्सर तांडेलाने उसनवारी करून घेतला. जुना माझ्या टेबलाच्या खणात आहे, पाठीवरची अक्षरं पुसलेली. असा सेन्सर बनवणाऱ्याला ती अक्षरं छापण्याआधी दहादा विचार करावा लागेल, अशी एकही पारख अजून धक्क्यावर आलेली नाही. तांडेलाची वाट अडवणारी मात्र आली आहे.